गुरुवारची दोन पानं

मी पुस्तक शेवटून वाचते. हा विक्षिप्तपणा नव्हे, पोटापाण्याचा भाग आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडायची, तो शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर ठेवायचा आणि एकेक ओळ वर सरकत जायचं. सुरुवातीपासून वाचलं की गोष्ट कळू लागते. गोष्ट कळली की डोळा पुढे पळतो, नसलेली अक्षरं मनानेच भरून घेतो, आणि चूक तशीच छापून जाते. ज्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने मला हे काम शिकवलं तो म्हणायचा, अर्थाच्या नादी लागू नकोस, अर्थ पाहायला लेखक आहेत. मी त्याचं ऐकलं. छत्तीस वर्षांत मी मुलांच्या शेकडो कादंबऱ्या तपासल्या आणि त्यांतली एकही वाचली नाही. पूर्वी त्यांत ससे असायचे, राजपुत्र असायचे, हुशार माकडं असायची. आता वेगळी मुलं असतात. तोतरी, अबोल, गर्दीला घाबरणारी, ज्यांचा बाप निघून गेलाय अशी, ज्यांच्या घरात सारखी आदळआपट चाललेली असते अशी. शेवटच्या आठ पानांत सगळ्यांचं सुरळीत होतं. मला शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे मला त्या मुलांची कधी काळजी वाटली नाही. प्रकाशनातली माणसं मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे भिंग. दोन्ही नावांना माझी हरकत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी संस्थेतून फोन आला. संस्था म्हणजे जिथे माझा भाऊ राहतो ती. त्याला आम्ही बाळ म्हणतो. बाळ आता चोपन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि संस्थेत त्याला बाळकाका म्हणतात, पण बाळ काही सुटलं नाही. तो बोलतो, वाचतो, स्वतःचे कपडे घड्या घालून ठेवतो. फक्त त्याला कोणी शिवलेलं चालत नाही, अचानक आवाज झालेला चालत नाही, आणि ठरलेलं बदललेलं तर मुळीच चालत नाही. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जाते. म्हणून गुरुवारी फोन आला तेव्हा मी आधी पेन्सिल खाली ठेवली आणि मग फोन घेतला. पलीकडे तिथल्या मावशी होत्या, ज्या त्याचं खाणंपिणं बघतात.

"ताई, तुम्ही आज येणार होतात का?"

"नाही. माझा रविवार असतो."

"मग हे का म्हणतात ताई येणार? सकाळपासून पिशवी भरून फाटकाशी बसलेत. जेवले नाहीत. हा तिसरा गुरुवार झाला."

कोणी सांगितलं त्याला, असं मी विचारलं. त्यांना स्वतःलाच ते सांगताना अवघडल्यासारखं होत असावं. पुस्तकात लिहिलंय असं म्हणतात, त्या म्हणाल्या. पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, वर फाटक काढलंय.

ते पुस्तक मीच नेऊन दिलं होतं. छापून आलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मला मिळते आणि मी ती बाळला देते. वाचण्यासारखी असते म्हणून नव्हे, छापील असते म्हणून. छापील कागद दिला की तो दोन तास शांत बसतो. मी खाली कपाटाकडे गेले, पिवळं पुस्तक काढलं आणि वर येऊन टेबलाशी बसले. लेखिकेचं नाव टोपणनाव वाटावं असंच होतं. पहिलं पान उघडलं आणि मला क्षणभर काय करायचं तेच कळेना, कारण पुठ्ठा न ठेवता, वरून खाली, असं मी पुस्तक धरलंच नव्हतं. डबा तसाच राहिला. साडेपाचला शिपायाने येऊन पंखा बंद केला तेव्हा मी शेवटच्या पानावर होते.

दोन खोल्यांचं घर, खाली टायरचं दुकान, त्यामुळे घरात सतत रबराचा वास. शिलाईयंत्रावर वाकलेली आई. निघून गेलेला बाप, ज्याचा कोट बरीच वर्षं दाराच्या मागे लटकत होता आणि पुढे आईने त्याच्यातून धाकटीसाठी दप्तर शिवलं. हे सगळं त्या पुस्तकात होतं. कोटाचं दप्तरसुद्धा. कोटाचं दप्तर जगात आमच्याच घरी होतं. मी तिथेच थांबले आणि टोपणनावाकडे पुन्हा पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की माझी धाकटी बहीण, जी लोकांना शस्त्रक्रियेआधी भूल देते आणि वर्षातून दोनदा मला फोन करते, तिने हे पुस्तक लिहिलंय. आणि मी ते तीन वेळा तपासलंय. अक्षर न् अक्षर तपासलंय. पहिल्या प्रुफात एकशे चाळीस चुका काढल्या होत्या, त्याबद्दल संपादकांनी माझं कौतुकही केलं होतं.

पुस्तकात मोठी बहीण आहे. ती अंबाड्यात लाल पेन्सिल खोचून घरभर फिरते. ती वाईट नाही, असं लिहिलेलं असतं तर मला जास्त राग आला असता. तसं काहीच लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय की मोठी बहीण आम्हांला वाचायची, पण चुका शोधण्यापुरती. हे वाक्य मी तीनदा पाहिलेलं होतं. बाणासारखं वगैरे लागलं नाही ते. आधी मी त्यातलं विरामचिन्ह पाहिलं, ते बरोबर होतं, आणि मग पुस्तक पालथं घालून चष्मा काढला. बाकावर समोर अक्षरजुळणी करणारी मुलगी बसते, तिने विचारलं की ताई, पाणी देऊ का. मी नको म्हटलं. तिला बिचारीला वाटलं असेल की भिंगाला एखादी मोठी चूक सापडली.

आणि बाळ. बाळ त्यात पुरा उतरलाय, हे मला मान्य करावंच लागेल. तेव्हा हस्तलिखितं यायची, उलटं वाचण्याआधी प्रूफ एकदा त्यांच्याशी ताडावं लागायचं, म्हणून मी घरी प्रुफं आणायची तेव्हा मला मूळ लेखन वाचून दाखवणारा कोणीतरी लागायचा. ऑफिसात त्यासाठी वेगळा माणूस होता, घरी बाळ होता. मूळ प्रत तो मोठ्याने वाचायचा आणि मी छापलेल्या प्रतीवर पेन्सिल फिरवायची. त्याच्यासारखा वाचणारा मला पुढे मिळाला नाही. तो काही गाळायचा नाही, काही घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. विरामचिन्हंही वाचायची अशी आमच्या कामात पद्धत असते, ती त्याला फार आवडली. राजा म्हणाला स्वल्पविराम एकेरी अवतरण सुरू प्रधानजी स्वल्पविराम. पुढे पुढे तो तसाच बोलायला लागला. ताई, स्वल्पविराम, भूक लागली, पूर्णविराम. आई हसायची. धाकटी त्याची नक्कल करायची आणि तोही तिची नक्कल दुरुस्त करायचा. संध्याकाळी दिवा लागला की तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचा, हात मांडीवर, पाठ ताठ. मी त्याला एकच नियम शिकवला होता. ज्याच्यावर लाल रेघ मारलीय ते वाचायचं नाही. का, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं की ते नाहीच असं समजायचं. ते कधी नव्हतंच. त्याने मान डोलावली आणि त्यानंतर एकदाही लाल रेघेखालचं अक्षर त्याच्या तोंडून आलं नाही. आम्ही दोघं तेव्हा सुखी होतो, असं मी आता म्हणते. तेव्हा मी म्हणायची की सारखं याला घेऊन बसावं लागतं.

आई गेली तेव्हा मी चोवीस, बाळ वीस, धाकटी बारा. बाळ रडला नाही, पण शिलाईयंत्राला त्याने कोणालाही हात लावू दिला नाही. चार महिने त्यावर अर्धी शिवलेली उशीची खोळ तशीच होती. मग खालच्या टायरवाल्याच्या बायकोने जिन्यात प्रेमाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने ढकललं. ती चार पायऱ्या खाली गेली आणि तिचं मनगट मोडलं. घर तिच्याच नवऱ्याचं. तो म्हणाला, एक तर हा इथे राहील नाही तर तुम्ही सगळे. हे कारण मी सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे. दुसरंही एक कारण होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याने मला लग्नाचं विचारलं होतं. बोटं कायम शाईने काळी असलेला, गप्प, बरा माणूस होता. दोघींना सांभाळीन, तो म्हणाला होता, तिघांना नाही. पुढे त्याने एकीलाही सांभाळलं नाही, दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मला पत्रसुद्धा टाकलं नाही. पण सही करताना माझ्या मनात तो होता. धाकटीला हे कसं कळलं होतं देव जाणे. पुस्तकात जुळारी नाही, पण मोठी बहीण संस्थेत सही करते तेव्हा तिने नवी साडी नेसलेली असते. माझी साडी नवीच होती.

संस्थेच्या फाटकाशी बाळने माझी पिशवी धरली होती. मला शिवला नाही, पिशवी धरली. परत कधी, असं त्याने विचारलं. मला सोमवार म्हणता आला असता, महिना म्हणता आला असता. त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हटलं, गुरुवारी येते. घरी न्यायला येते. पिशवी सुटावी म्हणून म्हटलं. त्याने ती लगेच सोडली, कारण ठरलेलं ते ठरलेलं. धाकटी माझ्या शेजारी उभी होती. बसमध्ये ती म्हणाली, परवाच ना. मी खिडकीबाहेर पाहिलं. तो गुरुवार आला आणि गेला. पहिल्यांदा मी त्याला भेटले ते चार आठवड्यांनी, रविवारी, कारण तिथला नियमच तसा होता, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. बाळने तेव्हा काहीच विचारलं नाही. मला वाटलं, विसरला. विसरणं हा प्रकारच त्याच्याकडे नाही हे ज्या माणसाला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं, त्या माणसाला असं वाटलं.

पुस्तकाच्या शेवटी ती गुरुवारी येते. एकशे बाराव्या पानावर. फाटकाशी टॅक्सी थांबते, मोठी बहीण खाली उतरते, तिच्या अंबाड्यात पेन्सिल नसते, आणि ती म्हणते, चल, घरी जाऊ. भाऊ पिशवी उचलतो. संपलं. खाली एक छोटं फूल छापलंय. मी ते फूल पाहत बसले आणि मला आठवलं की हे पुस्तक इथे संपत नव्हतं.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात. एकशे बारा पानं म्हणजे बरोबर सात फॉर्म. ही कादंबरी एकशे चौदा पानांवर गेली होती. दोन पानांसाठी नवा फॉर्म लावायचा म्हणजे चौदा पानं कोरी. संपादक माझ्याकडे आले होते. ताई, दोन पानं कुठे बसतात का बघा, ते म्हणाले. असं ते नेहमी म्हणतात आणि मी नेहमी कुठला तरी परिच्छेद, कुठलं तरी वर्णन सुचवते. त्या वेळी मी शेवटची दोन सुचवली. शेवट लांबलाय, मी म्हटलं, टॅक्सी आली तिथेच थांबू दे. संपादक खूश झाले, मुलांसाठी गोडच बरं असं म्हणाले. लेखिकेला कळवलं, तिने जशी तुमची इच्छा असं उत्तर दिलं. मग मी त्या पानांवर आडवी-उभी लाल रेघ मारली आणि कोपऱ्यात सही केली.

दुसऱ्या दिवशी मी जुनी प्रुफं ठेवतात त्या माळ्यावरून तो गठ्ठा काढायला लावला. पानं तिथेच होती. एकशे तेरा, एकशे चौदा. त्यांत एवढंच आहे की ती टॅक्सी लहान मुलीने आपल्या वहीत लिहिलेली असते. खरं तर गुरुवार संध्याकाळपर्यंत जातो आणि फाटकाशी कोणी येत नाही. मोठी बहीण घरीच असते, टेबलाशी. लहान मुलगी तिला विचारते, आज गुरुवार ना? काम आहे, मोठी बहीण म्हणते, मान वर न करता. आणि मुलगी वही मिटते.

मी तेव्हा मान वर केली नव्हती हे खरं आहे. बारा वर्षांच्या मुलीने काय विचारलं तेही मला ऐकू आलं होतं. मी स्वतःला विचारते आहे की पुठ्ठ्याच्या खाचेतून ती ओळ माझ्यासमोर आली असेल, काम आहे, मान वर न करता, तेव्हा मला काहीच कसं झालं नाही. एकशे चौदा पानांतून नेमकी हीच दोन माझ्या हाताला कशी लागली. मी शेवटून वाचते, म्हणून शेवट मला आधी भेटला, तो ताजा होता, म्हणून आठवला, असं म्हणता येईल. चोराच्या मनात चांदणं असंही म्हणता येईल. मी दोन्ही म्हणून पाहते. खरं काय ते मला माहीत नाही आणि माहीत नसणं माझ्या सोयीचं आहे, हेही मला दिसतं.

शनिवारी मी धाकटीकडे गेले. त्याआधी संस्थेच्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. ते शांतपणे म्हणाले की तीन गुरुवार उन्हात, अन्नपाण्याशिवाय, या वयात चालणार नाही. आत न्यायला गेलं तर तो स्वतःचंच डोकं गजावर आपटतो. अजून एक गुरुवार बघू, मग रोजचं औषध सुरू करावं लागेल, तुमची सही लागेल. धाकटीला औषधाचं नाव सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले. हा तिचा धंदाच आहे.

"या औषधावर तो वाचणार नाही, ताई. पुस्तक मांडीवर धरून बसेल, पण वाचणार नाही. मी माणसांना झोपवते आणि उठवतेसुद्धा. याला कोणी उठवायचं नाही."

मग तू घेऊन ये त्याला, मी म्हटलं. तुझ्याकडे चार खोल्या आहेत. ती म्हणाली की तिच्या ड्यूट्या, तिचा नवरा, तिची मुलगी दहावीला. सगळं खरं होतं, माझ्या टायरवाल्यासारखंच खरं. गेल्या अकरा वर्षांत एकदा तरी त्याला भेटायला गेलीस का, मी विचारलं. मला तिथे बघवत नाही, ती म्हणाली. बघवत नाही पण लिहवतं, असं मी म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं, हे इथे कबूल करून ठेवते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला एकदा तरी खाली ओढावंसं कोणाला वाटणार नाही? ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने चहाचे कप उचलले, मोरीत ठेवले, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली, तीच लहानपणची दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायची पद्धत.

"ते पुस्तक मी मुलांसाठी लिहिलं नव्हतं. तू जिथे काम करतेस तिथेच मुद्दाम दिलं. म्हटलं, दुसरं कोणी नाही तरी ताई वाचेल. तिला वाचावंच लागेल. दोन महिने तुझ्या फोनची वाट बघितली. आणि माझी शेवटची दोनच पानं कापून आली. मला वाटलं, वाचलंस आणि उत्तर दिलंस."

मी तिला फॉर्म समजावून सांगू लागले. सोळा पानं, सात फॉर्म, दोन पानं जास्त. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रोग्याची नाडी बघताना असतं तसं लक्ष होतं. मी बोलायची थांबले. मी ते वाचलंच नव्हतं गं, मी म्हटलं. मी उलटं वाचते. हे ऐकून ती हसली. फार वाईट हसली. चौतीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ बसलो नव्हतो आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. निघताना मी गुरुवारी चल म्हटलं. बघते, ती म्हणाली. आमच्या घरात बघते म्हणजे नाही, आणि हे तिला मीच शिकवलंय.

बुधवारी माझ्या मनाशी सगळं ठरलं होतं. बाळचं बोलण्यावर कधीच समाधान होत नाही, त्याला कागद लागतो. पुस्तकात लिहिलंय म्हणून तो बसलाय, तर पुस्तकातलंच पुढचं दाखवलं की उठेल. ही टॅक्सी मुलीने वहीत लिहिली होती, खरी नव्हती, हे त्याला छापील अक्षरांत दिसलं की गोष्ट मिटेल. मी ती दोन पानं प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मला त्यात काही क्रूर वाटलं नाही. औषधापेक्षा हे बरं, असंच वाटलं.

गुरुवारी रजा टाकून पहिल्या बसने गेले. संस्थेच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर तो बसला होता. पाठ ताठ, हात मांडीवर, पायांशी निळी पिशवी, तिचे बंद नीट गाठ मारलेले. ऊन त्याच्या टकलावर आलं होतं. मी बसमधून उतरले ती थेट त्याच्यासमोर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"बाळ, मी आले."

"आज रविवार नाही, पूर्णविराम."

"हो. आज गुरुवार आहे. गुरुवारी आले."

त्याने माझ्या मागे पाहिलं, बस निघून गेली होती तिथे. टॅक्सी नाही, तो म्हणाला. मग माझ्या अंबाड्याकडे पाहिलं. पेन्सिल होती. मी ती कधी खोचते ते मला कळतही नाही. मी हात वर करून ती काढली, पण त्याने आधीच मान फिरवली होती. मी रविवारची होते. गुरुवारची दुसरी कोणीतरी होती आणि ती अजून यायची होती. मला तिचा मत्सर वाटला, एवढं सांगते.

मी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले आणि पिशवीतून पानं काढली. पुस्तकाची पुढची पानं आहेत, म्हटलं, एकशे तेरा आणि एकशे चौदा, तुझ्याकडे नाहीत. हे ऐकून त्याने लगेच हात पुढे केला. पानं घेतली, मांडीवर सरळ केली, कडा जुळवल्या. आकडे पाहिले. अक्षराचा आकार पाहिला, तोच होता. त्याचे ओठ उघडले. चौतीस वर्षांपूर्वी तो असाच बसायचा, पहिला शब्द म्हणण्याआधी असाच श्वास घ्यायचा. मी नकळत पेन्सिल हातात सरळ धरली. आणि तो थांबला. त्याने बोट लाल रेघेच्या एका टोकावर ठेवलं आणि ते सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग दुसऱ्या रेघेवरून. मग कोपऱ्यातली माझी सही पाहिली.

"लाल रेघ आहे, पूर्णविराम."

"असू दे. तू वाच."

"वाचायचं नाही. हे नाहीच, पूर्णविराम. हे कधी नव्हतंच, पूर्णविराम."

त्याने पानांची सारखी घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली, मला बोट लागणार नाही अशा बेताने. ती पानं मला नव्याने छापून घेता आली असती. समोर बसणाऱ्या त्या मुलीने दोन मिनिटांत काढून दिली असती, कोरी, स्वच्छ. मला ते सुचलं नाही. छत्तीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्याच्या चुका काढल्या तिला ते सुचलं नाही, आणि आता छापून आणली तरी उपयोग नव्हता, कारण त्याने रेघ पाहिली होती. मी त्याला तोंडाने सांगू लागले. टॅक्सी येणार नाही, बाळ. ते एका मुलीने लिहिलंय. आपल्या धाकटीने. तो ऐकत होता, कारण माझं वाक्य संपल्यावर तो मान हलवायचा. पण जसं मी त्याला कोणाचं तरी हस्तलिखित वाचून दाखवते आहे आणि त्याच्या हातातल्या छापील प्रतीशी ते जुळत नाही, तसा तो ऐकत होता. छापलेलं त्याच्याकडे होतं. चूक माझ्याकडची होती.

साडेअकराच्या सुमारास खरंच एक टॅक्सी आली. रिकामी होती. पुढे कुठे कोणाला तरी सोडून परत चालली असेल. दोन माणसं फाटकाशी पिशवी घेऊन बसलेली पाहून चालकाने गाडी हळू केली आणि खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं. बाळ उठून उभा राहिला. त्याने पिशवी उचलली. त्याचा चेहरा मी नीट पाहिला. आई संध्याकाळी यंत्र बंद करून उठायची तेव्हा तो असा दिसायचा, आता जेवायला बसायचं असतं तेव्हा. मला फक्त दार उघडायचं होतं. दार उघडून आधी आपण आत बसायचं, मग उतरायचं आणि म्हणायचं, चल, घरी जाऊ. वाक्य तयार होतं, माझ्या बहिणीने लिहिलं होतं, मी तीनदा तपासलं होतं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एकच आहे. पाच महिन्यांनी मी निवृत्त होईन. जिन्यात शेजाऱ्यांची मुलं असतात, कोणी तरी त्याला शिवणारच. मी पडले तर त्याला कोण. ही सगळी कारणं मला आता सुचतायत. तेव्हा त्यांतलं एकही मनात नव्हतं. तेव्हा मला भीती वाटली, एवढंच. मी चालकाकडे पाहून हात हलवला, नको म्हणून. माझ्या हातात अजून लाल पेन्सिल होती. गाडी निघून गेली.

बाळने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मग पिशवी खाली ठेवली, तिचे बंद पुन्हा बांधले आणि बसला. तो चिडला नाही, डोकं आपटलं नाही. ही ती टॅक्सी नव्हती, स्वल्पविराम, तो म्हणाला, तिच्यातून कोणी उतरलं नाही, पूर्णविराम. तो मलाच समजावत होता.

मावशी दोनदा जेवायला बोलवायला आल्या. तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर डॉक्टर आले, लांबूनच उभे राहून पाहिलं आणि मला आत बोलावलं. ऑफिसात पंखा नव्हता. टेबलावर औषधाच्या संमतीचा एकच कागद होता, छापील, खाली नात्यासाठी आणि सहीसाठी जागा. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, नीट वाचून घ्या. चांगला माणूस आहे. खिडकीतून कट्टा दिसत होता आणि त्याची पाठ दिसत होती. मी चष्मा लावला आणि सवयीने शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली, एकेक ओळ वर सरकत, शीर्षकापर्यंत. कागदात एकही चूक नव्हती. मी नात्यापुढे बहीण असं लिहिलं आणि सही केली.